जुन्या शहराचा पाठ : सहलीपूर्वी वाचण्यासाठी





दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशी आमच्या टेबलावर एक जाड पाकीट होते. पोलंड देशातील क्राकुफ या जुन्या शहरातून ते आले होते. पाठविणारी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी, आता नोकरीनिमित्त तेथे असते. पत्रासोबत तिने त्या शहराची काही चित्रकार्डे पाठविली होती. ती आम्ही वाचनालयाबाहेरच्या फलकावर लावली आहेत, सर्वांनी पाहावीत. पत्रात तिने लिहिले होते की तेथे रोज सकाळी लहान-लहान मुले रांगेने जुन्या शहरातून चाललेली दिसतात. बाई पुढे, मुले मागे. कुठल्यातरी कमानीखाली उभे राहून वहीत काहीतरी लिहून घेतात. मग तिच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात चारमिनारचे चित्र पाहून तिला विचारले, "हे तुझ्या गावचे ना? आत पायऱ्या किती? वरून काय दिसते?" तिला उत्तर देता आले नाही. पुढचे वाक्य तिचेच देतो : "सर, दहा वर्षे आपल्या शाळेत होते. रायगड पाहिला, वेरूळ पाहिले. चारमिनार मात्र बसच्या खिडकीतूनच पाहिला."

आम्ही सहलींचे रजिस्टर काढून बसलो. गेल्या वीस वर्षांत वेरूळ-अजिंठा, रायगड, तुळजापूर-पंढरपूर, नांदेड, एकदा गोवा. गोवळकोंडा दोनदा, तोही अर्ध्या दिवसात. चारमिनार एकदाही नाही. आपल्या शाळेपासून तो पाच किलोमीटरसुद्धा नाही. शाळेचे प्रमुख म्हणून ही चूक आमची आहे, ती कोणा दुसऱ्यावर ढकलता येणार नाही.

म्हणून येत्या जानेवारीत इयत्ता सहावी ते नववीच्या मुलांना जुन्या शहरात पायी न्यावयाचे ठरविले आहे. त्याआधी हा पाठ वाचावा. आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. मराठी घरी बोलत होतो, लिहिण्याची सवय येथे नोकरीस लागल्यावर झाली. लेख मराठीच्या बाईंनी तपासला आहे, तरीही काही उणे राहिले असल्यास सांभाळून घ्यावे.

प्रथम त्या चित्रकार्डांविषयी थोडेसे. क्राकुफ ही पोलंडची जुनी राजधानी. १२५७ मध्ये या शहराची नव्याने आखणी झाली आणि मधोमध एक मोठा चौक सोडला गेला. त्याची प्रत्येक बाजू सुमारे २०० मीटर आहे. चौकाच्या मध्यभागी कापड बाजाराची लांबलचक इमारत आहे, बाजूला सेंट मेरीचे चर्च. गावाभोवतीची तटबंदी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडली आणि तिच्या जागी वर्तुळाकार बाग केली. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, तीत हे जुने शहर होते. तेथील विद्यापीठ १३६४ सालचे, आणि कोपर्निकस तेथे शिकला.

आम्हाला सर्वांत आवडले ते सेंट मेरीच्या मनोऱ्यावरच्या बिगुलाचे. दर तासाला एक माणूस वरून बिगुल वाजवितो, आणि सूर मध्येच एकदम तोडतो. असे सांगतात की तेराव्या शतकात तातारांची स्वारी आली, पहारेकऱ्याने गावाला जागे करण्यासाठी बिगुल फुंकला, आणि त्याच्या गळ्यात बाण लागला. जिथे सूर तुटला तिथेच आजही तोडतात. गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. परंतु ती फार जुन्या कागदांत सापडत नाही. १९२८ मध्ये एका अमेरिकन लेखकाची मुलांसाठीची कादंबरी निघाली, तेव्हापासून ती जगभर पसरली. स्वारी खरी, १२४१ ची. बिगुल खरा. बाणाचे मात्र सांगता येत नाही.

हे वाचून आम्ही जरा चपापलो. कारण काय, तर काही वर्षांपूर्वी प्रार्थनेच्या वेळी आम्ही माइकवरून सांगितले होते की शहरात प्लेगची साथ आली, ती ओसरली म्हणून सुलतानाने चारमिनार बांधला. शिवाय चारमिनारपासून गोवळकोंड्यापर्यंत भुयार आहे, असेही ठोकून दिले होते. प्रार्थना संपल्यावर सातवीतील एक मुलगा कार्यालयाच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, भुयार नदीच्या खालून कसे गेले?" आम्ही त्याला वर्गात जाण्यास सांगितले. तो प्रश्न आजही आमच्याकडे बाकी आहे, त्याचा हा हप्ता समजावा.

आता आपल्या शहराकडे येऊ.

गोवळकोंड्याचा किल्ला आधीचा. काकतीयांच्या काळात तेथे मातीचा कोट होता. १५१८ पासून कुतुबशाही घराण्याने तो वाढविला. किल्ल्याच्या आत-बाहेर वस्ती दाटली, पाण्याची ओढ पडू लागली. पाचवा सुलतान मुहम्मद कुली याने १५९१ मध्ये मुसी नदीच्या दक्षिणेला नवे शहर वसविले. हिजरी सनाप्रमाणे ते हजारावे वर्ष होते, आणि चारमिनार त्या हजारीच्या निमित्ताने उभारला असे काही अभ्यासक मानतात. प्लेगची गोष्ट पर्यटकांच्या पुस्तकांत आजही छापलेली असते. आम्ही मुलांना इतकेच सांगू की वर्ष पक्के आहे, कारणाबद्दल वाद आहे.

शहराची आखणी मीर मोमीन अस्तराबादी या इराणी विद्वान वजिराच्या देखरेखीखाली झाली असे मानतात. चारमिनार मधोमध धरून चार दिशांना चार रस्ते. म्हणजे चारमिनार ही नुसती शोभेची इमारत नाही. तो शहराचा मध्यबिंदू आहे, भूमितीच्या वहीत कंपासचे टोक रोवतो तसा. त्याची प्रत्येक बाजू सुमारे २० मीटर. चारही कमानींतून एकेक रस्ता निघतो. बांधकाम दगड व चुन्याचे, वरची नक्षी चुन्याच्या गिलाव्यातली. वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या बाजूस मशीद आहे. घड्याळे पुष्कळ नंतरची, १८८९ ची. आणि त्या मुलीच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर : मिनारातील वळणाच्या पायऱ्या १४९. प्रवाशांना मात्र पहिल्या मजल्यापर्यंतच जाऊ देतात, म्हणून तुम्ही त्या सर्व चढणार नाही, जितक्या चढाल तितक्या मोजा. २०१९ च्या मे महिन्यात एका मिनाराच्या गिलाव्याचा तुकडा निखळून खाली पडला होता. सव्वाचारशे वर्षांच्या वस्तूला जपून हात लावायचा असतो, भिंतीवर नावे कोरायची नसतात, हे वेगळे सांगत नाही.

चारमिनारच्या उत्तरेस थोडे चालले की चार कमानी लागतात, आणि त्यांच्या मधोमध गुलजार हौज. एके काळी येथून राजवाड्यांकडे वाट जाई. ते राजवाडे आज नाहीत. येथे मुलांना दहा मिनिटे उभे करण्याचा आमचा विचार आहे, कारण येथेच आपल्या इतिहासाच्या पुस्तकातील एक ओळ रस्त्यावर येऊन उभी राहते.

१६७७ च्या आरंभी छत्रपती शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर निघाले. वाटेत ते कुतुबशाहाला भेटण्यास आले. अबुल हसन तानाशाह गादीवर होता आणि कारभार मादण्णा व आकण्णा या बंधूंच्या हाती होता. सुमारे महिनाभर महाराज येथे होते. करार झाला, पैसा आणि तोफखाना मिळाला, मग महाराज श्रीशैलास गेले आणि पुढे जिंजी-वेल्लोरकडे. ही भेट गोवळकोंड्याच्या किल्ल्यावर झाली असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही वाटत होते. पण कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला बखर लिहिली, त्यात शहराचे नाव भागानगर असे आहे. भागानगर म्हणजे हेच, मुसीच्या दक्षिणेचे शहर. गुणाकार-भागाकार करून पाहा : महाराज आले तेव्हा चारमिनार ८६ वर्षांचा होता. मराठी फौज ज्या शहरातून गेली त्याच्या मधोमध तो उभा होता, आजच्यासारखाच, घड्याळांशिवाय. येसाजी कंकाने येथे हत्तीशी झुंज घेतली ही गोष्ट तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. ती सांगावी, ऐकावी, नाटकातही करावी. वहीत लिहिताना मात्र "असे सांगतात" हे दोन शब्द आधी लिहावेत.

मादण्णा-आकण्णांचे पुढे वाईट झाले. १६८६ मध्ये दोघांची हत्या झाली आणि १६८७ मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला. त्यांच्या नावाचे महांकाळीचे देऊळ हरिबावडीजवळ आहे. बोनालूच्या दिवसांत त्या रस्त्याने कोणी गेले असेल तर त्याला ठाऊक असेल.

भागानगर नावाचीही एक कथा आहे. राजपुत्र मुहम्मद कुलीचे भागमतीवर मन जडले, तिला भेटण्यास तो पुराच्या पाण्यात घोडा घालून गेला, म्हणून बापाने, इब्राहिम कुतुबशाहाने, नदीवर पूल बांधला. तोच आजचा पुराना पूल. पूल १५७८ चा आहे हे खरे. आता आठवीच्या मुलांनी हिशेब करावा. मुहम्मद कुलीचा जन्म १५६५ च्या सुमाराचा. म्हणजे पूल पूर्ण झाला तेव्हा तो तेरा वर्षांच्या आसपास होता, तुमच्याएवढा. काही अभ्यासक भागमती होऊन गेली असे मानतात, काही म्हणतात की नाव बागांवरून पडले, बाग-नगर. किल्ल्यापासून पैलतीराला जाण्यास बाजाराच्या माणसांना, बैलगाड्यांना, फौजेला पूल हवा होता, हे कारण आम्हाला पुरेसे वाटते. त्यात प्रेमकथेची गोडी नाही, हे कबूल.

मक्का मशिदीपाशी आपण बाहेरूनच थांबू, तिथे फार वेळ नाही. काम १६१७ च्या सुमारास सुरू झाले आणि १६९४ मध्ये, औरंगजेबाच्या काळात, पुरे झाले. एका घराण्याने पाया घातला, ते घराणे बुडविणाऱ्याने कळस चढविला. आवारात काही निजामांच्या कबरी आहेत. चौमहल्ला राजवाडा तेथून जवळ आहे, परंतु एका दिवसात सर्व काही बसत नाही. पालकांनी एखाद्या रविवारी मुलांना न्यावे.

जेवणानंतर सालारजंग संग्रहालय. १९५१ मध्ये दिवाण देवडीत पंडित नेहरूंच्या हस्ते ते सुरू झाले आणि १९६८ मध्ये नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले. मुले तेथील घड्याळाभोवती बसतील हे आम्हाला माहीत आहे. तास झाला की दाढीवाला लहानसा माणूस बाहेर येऊन टोले देतो. आम्ही लहानपणी तेथे बसलो होतो, मोठेपणीही बसलो. बुरख्यातील रिबेका हा संगमरवरी पुतळा १८७६ चा, इटालियन शिल्पकार बेंझोनीचा. दगडाचा पदर इतका पातळ कसा झाला हे कलेच्या सरांना विचारा.

आता नदी. या पाठातील हा भाग सर्वांनी दोनदा वाचावा.

आपण मुसीला नाक दाबून ओलांडतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी याच नदीला पूर आला. घरे गेली, पुलांची मोडतोड झाली, सुमारे १५,००० माणसे दगावली. अफझलगंजला, आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे. त्या दिवशी सुमारे दीडशे माणसे त्यावर चढून बसली आणि वाचली. झाड अजून उभे आहे. आमच्या मते हैदराबादेतील ते एक मोठे स्मारक आहे, जरी ते कोणी बांधलेले नाही. आपल्या समाजातील ज्या घरांत पणजोबांच्या काळच्या पुराच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांनी त्या मुलांना जरूर लिहून द्याव्यात.

पुरानंतर काय केले, हे पाहण्यासारखे आहे. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलाविले. हे अभियंते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले, मुंबई इलाख्यात नोकरी केलेले, खडकवासल्याला त्यांनीच आपोआप उघडणारे दरवाजे बसविले होते. त्यांनी सांगितले की शहरापाशी भिंती बांधून भागणार नाही, पाणी वरच अडवले पाहिजे. त्यातून मुसीवर उस्मानसागर झाला, १९२० मध्ये, ज्याला आपण गंडीपेट म्हणतो, आणि ईसा नदीवर हिमायतसागर, १९२७ मध्ये. पूर अडविण्यासाठी केलेले तलाव पुढे शहराला पाणी पाजू लागले. १९१२ मध्ये नगर सुधारणेचे मंडळ नेमले. नदीकाठ मोकळा केला आणि तेथे एकामागून एक इमारती उठल्या : उच्च न्यायालय १९२० मध्ये सुरू झाले, सिटी कॉलेज, उस्मानिया रुग्णालय. काचीगुडा स्टेशन १९१६ चे, तेही याच काळातले. आपल्यातील किती जण त्या स्टेशनावर नांदेडच्या, औरंगाबादच्या गाडीसाठी उभे राहिले असतील, पण मान वर करून त्याचे घुमट किती जणांनी पाहिले?

उस्मानिया रुग्णालयाची जुनी इमारत २०२० च्या पावसाळ्यात वॉर्डात पाणी शिरल्यानंतर रिकामी करावी लागली. २०२५ च्या सप्टेंबरअखेर वरच्या तलावांतून पाणी सोडले तेव्हा महात्मा गांधी बस स्थानकात पाणी भरले होते, ते तर तुम्ही स्वतः पाहिले. १९०८ चा पाठ संपलेला नाही.

पूल ओलांडून आपण कोठीला येतो, म्हणजे जवळजवळ घरी. येथील रेसिडेन्सी ब्रिटिश रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक याने १८०३ ते १८०६ च्या सुमारास उभी केली. पुढे सहा उंच खांब, पायऱ्यांशी दोन सिंह. त्याने खैरुन्निसा या हैदराबादी मुलीशी लग्न केले होते, आणि तिच्यासाठी बागेत इमारतीची लहानशी प्रतिकृती बांधली होती. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाजखान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी लोकांना घेऊन या रेसिडेन्सीवर हल्ला केला. तुर्रेबाजखानाचे स्मारक कोठीच्या बस थांब्याजवळ आहे. आपण रोज त्याच्याजवळ बसची वाट पाहतो. १९४९ मध्ये इमारतीत महिला महाविद्यालय आले. आपल्या कित्येक माजी विद्यार्थिनी आणि काही आजच्या आया तेथे शिकल्या. आता त्याचे विद्यापीठ झाले आहे, चाकली ऐलम्मा यांच्या नावाचे.

येथे एक प्रश्न : आपली मराठी माणसे सुलतानबाजार, बडी चावडी, काचीगुडा याच पट्ट्यात का दाटली? नोकरी आणि व्यापार हे एक कारण. दुसरे असे की सुलतानबाजार हा रेसिडेन्सीचा बाजार होता, १९३३ पर्यंत तेथे निजामाचा नव्हे, रेसिडेंटाचा अंमल चाले. निजामाच्या हद्दीत सभा-संमेलनांस परवानगी घ्यावी लागे, येथे थोडा मोकळा श्वास होता. म्हणून १९०१ मध्ये तेलुगू लोकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम येथे उभे राहिले, याच परिसरात आपले मराठी ग्रंथ संग्रहालय, आणि जवळच जांबागेत केशवराव कोरटकरांसारख्या मंडळींच्या कष्टांची विवेकवर्धिनी. १९३१ चे मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले, अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर होते. म्हणजे ज्या इमारती पाहण्यास तिकीट लागत नाही, त्याही दर्शनीय स्थळांत धराव्यात. आमची सूचना आहे की सहलीचा शेवटचा थांबा ग्रंथ संग्रहालय असावा.

आता पालकांचे आणि विश्वस्तांचे काही आक्षेप. ते आमच्यापर्यंत आले आहेत आणि ते योग्य मनाने घेतलेले आहेत, म्हणून उत्तर देतो.

गर्दी आणि वाहने यांची काळजी खरी आहे. चाळीस मुलांमागे पाच शिक्षक आणि चार पालक असतील. रमजानचे दिवस, सणाचे दिवस टाळले आहेत. शुक्रवारही नाही, कारण त्या दिवशी संग्रहालयही बंद असते.

दुसरा आक्षेप एका ज्येष्ठ हितचिंतकांनी बैठकीत मांडला : "त्या बाजूला आपले काय आहे?" आम्ही त्यांना तेथे उत्तर दिले नाही, कारण त्यांच्या घरावर १९४८ मध्ये काय गुजरले हे आम्हाला ठाऊक आहे. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातील आणि शहरातील अनेक घरांनी सोसले. ती आठवण पुसा असे कोणी म्हणत नाही. १७ सप्टेंबरला शाळेत आम्ही झेंडा लावतो, स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण करतो, बेगमपेठेतील त्यांच्या स्मारकावर आठवीची मुले गेलेली आहेत. परंतु त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, आपल्या काचीगुड्याच्या रस्त्यावर शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला रझाकारांनी मारले. "इमरोज" या उर्दू दैनिकात त्याने त्यांच्याविरुद्ध लिहिले होते. त्याचा हात लिहिता होता, तो तोडला. तो जुन्या शहराच्या भाषेत लिहीत होता. मग "त्या बाजूला" आपले काय, याचे उत्तर देताना त्याला कोणत्या बाजूला बसवायचे?

आणि आपलेही तेथे होतेच. निजामाच्या महसुलाच्या दप्तराचा कारभार पिढ्यान् पिढ्या पाहणारे रायरायां हे घराणे मराठी ब्राह्मणांचे, त्यांची देवडी शालिबंड्यात होती. रावरंभा निंबाळकर निजामाचे मराठा सरदार, ज्यांनी करमाळ्याचे कमलादेवीचे देऊळ १७२७ मध्ये बांधले. लेखणीवाले होते, तलवारवाले होते. त्यांनी योग्य केले की अयोग्य, याची चर्चा नववीच्या वर्गात होऊ द्या. ती चर्चा आम्हाला हवी आहे. पण ते येथे नव्हतेच, असे म्हणता येणार नाही.

हितचिंतकांनी हे वाचून आम्हाला फोन केला. म्हणाले, "मुख्याध्यापक, मी येणार नाही. पण नातवाला पाठवतो." नातू सातवीत आहे.

जुन्या शहराभोवती तटबंदी होती हे फार थोड्यांना माहीत असते. तिचे दरवाजे बहुतेक सर्व गेले, उरले दोनच : पुराना पूल आणि दबीरपुरा. क्राकुफच्या तटाची बाग झाली, आपल्या तटाचे काय झाले, ते मोठ्या मुलांनी शोधावे. पडझड थांबविता येते याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. गोवळकोंड्याजवळच्या कुतुबशाही कबरींच्या आवारातील बडी बावडीची एक बाजू २०१३ च्या पावसात ढासळली होती. आगाखान ट्रस्टने पुरातत्त्व खात्याबरोबर तेथे दहा वर्षांहून अधिक काळ काम केले, बावडी पुन्हा भरू लागली, आणि २०२२ मध्ये गोवळकोंड्याच्या बावड्यांना युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक पारितोषिक मिळाले. गोवळकोंडा आणि कबरी यांची स्वतंत्र सहल फेब्रुवारीत करू. फतेह दरवाज्यात टाळी वाजविल्यावर वर बालाहिसारला ऐकू येते ते तेव्हाच करून पाहू. वर साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, आमच्या गुडघ्यांसाठी थोडे थांबावे लागेल.

अभ्यासासाठी : सहावी-सातवीच्या मुलांनी चारमिनारच्या चार कमानींतून दिसणारे चार रस्ते कागदावर काढून दिशा लिहाव्यात. आठवीने या पाठात आलेल्या गोष्टींपैकी कोणत्या कागदांवरून कळतात आणि कोणत्या नुसत्या सांगोवांगीच्या, यांच्या दोन याद्या कराव्यात. भुयाराची गोष्ट कोणत्या यादीत घालावी, हे आम्ही सांगणार नाही. नववीने घरातील सर्वांत वडील माणसाला विचारावे : आपले कुटुंब हैदराबादला केव्हा, कोठून आणि कशासाठी आले? प्रथम कोणत्या मोहल्ल्यात राहिले? आजी-आजोबांनी उत्तर दखनी-मिश्रित मराठीत दिले तर तसेच लिहावे, दुरुस्त करू नये.

संमतिपत्र या अंकासोबत जोडले आहे. ते सही करून वर्गशिक्षकांकडे द्यावे. सोबत पाण्याची बाटली, डबा, टोपी आणि एक वही. मोबाइल आणू नये, छायाचित्रे काढण्यासाठी शाळेचा कॅमेरा आहे. चपला नकोत, बूट घालावेत. बाजारात बांगड्या किंवा मोती घेण्याचा आग्रह धरू नये, पैसे आणण्याची गरज नाही.

सहलीनंतर प्रत्येक वर्गातून एक पत्र निवडून क्राकुफला पाठवायचे आहे. पत्रात वरून काय दिसते, ते लिहावे.

आपले,
मुख्याध्यापक